छत्रीच्या पोटाशी : रानातल्या अळंब्या ओळखण्याच्या अभ्यासाची प्रस्तावना

नागापूरला जंगल नाही. अहिल्यानगर शहराला खेटून असलेले हे गाव. जवळून सीना वाहते, मधून मनमाड रस्ता जातो आणि भोवती औद्योगिक वसाहतीचे पत्रे तळपतात. वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि त्याचाही भरवसा नाही. पण याच जिल्ह्याचे पश्चिमेचे टोक म्हणजे अकोले तालुका. तिथल्या घाटघरला एका पावसाळ्यात ५,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो. नगर जिल्ह्याची चेरापुंजी हे त्याचे नाव उगाच पडलेले नाही. कळसूबाईचे १,६४६ मीटर उंचीचे शिखर, रतनगड, हरिश्चंद्रगड आणि १९८६ साली जाहीर झालेले सुमारे ३६२ चौरस किलोमीटरचे अभयारण्य, सगळे त्याच बाजूला. घाटमाथ्यावरून निघून नागापूरला पोचेपर्यंत पावसाचा जेमतेम आठवा हिस्सा उरतो. अळंब्यांचा अभ्यास करू पाहणाऱ्याला असा जिल्हा मिळणे भाग्याचे आहे. ओलावा कमीजास्त झाला की बुरशीची सगळी तऱ्हा बदलते, आणि इथे तो बदल एका दिवसाच्या प्रवासात डोळ्यांनी पाहता येतो.

ही प्रस्तावना पावसाळ्यात पाठीला पिशवी लावून पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढणाऱ्यांसाठी आहे, रतनवाडीहून रतनगडाला जाणाऱ्यांसाठी आहे, आणि इतके लांब जमले नाही तर रविवारी सकाळी डोंगरगणच्या दरीत किंवा मांजरसुंभ्याच्या गोरक्षनाथ गडावर फिरून येणाऱ्यांसाठीही आहे. या मंडळींना पक्षी ओळखता येऊ लागले आहेत, फुलपाखरे येतात, सोनकी आणि तेरडा तर नक्कीच येतो. अळंबीपाशी मात्र गाडी अडते. वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेलेही ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून पुढे जातात. फार तर उभ्या उभ्या वरून फोटो काढायचा आणि घरी आल्यावर जाणकाराला विचारायचे, ‘ही कोणती? खाल्ली तर चालेल का?’ या दोन प्रश्नांतला पहिला फार चांगला आहे. दुसऱ्याने या विषयाचे जेवढे नुकसान केले तेवढे आणखी कशानेही केले नसेल. त्याच्याकडे पुढे येऊ. पहिल्याचे उत्तर वरून काढलेल्या फोटोत सापडत नाही, कारण छत्रीची वरची बाजू ही अळंबीची सर्वांत फसवी बाजू. तिचा रंग पावसाने धुऊन जातो, उन्हाने विटतो. खवले गळून पडतात. आज घंटेसारखी दिसणारी टोपी दोन दिवसांत सपाट होते आणि मग तिच्या कडा वर वळतात. ओळखीची खरी सामग्री खाली असते: छत्रीच्या पोटाशी, दांड्याच्या बुडाशी आणि ज्यावर ती उगवली त्या वस्तूत.

पोटाशी असतात पाती. दांड्याकडून कडेकडे गेलेली, पातळ, एकमेकांना समांतर वाटावीत अशी. अळंबी हा बुरशीचा फळण्याचा अवयव. बुरशी स्वतः पांढुरक्या तंतूंच्या रूपाने माती, लाकूड किंवा पालापाचोळ्यात महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे राहत असते. फळायचे ते बीजाणू सोडण्यासाठी, आणि बीजाणू तयार होतात पात्यांच्या दोन्ही अंगांवर. पुस्तकाला पाने असतात त्याच कारणासाठी छत्रीला पाती असतात: थोड्या जागेत जास्तीत जास्त पृष्ठभाग मिळावा. एका मध्यम आकाराच्या अळंबीतून सुटणाऱ्या बीजाणूंची मोजदाद अब्जांत जाते. प्रत्येक बीजाणूच्या बुडाशी पाण्याचा एक सूक्ष्म थेंब जमतो, तो बीजाणूच्या अंगावर पसरतो आणि त्या झटक्याने बीजाणू पात्यापासून सुटून, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतके अंतर उडून, दोन पात्यांमधल्या फटीतून सरळ खाली पडतो. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅनडातल्या विनिपेगमध्ये रेजिनल्ड बुलर यांनी अळंब्यांपुढे ठाण मांडून हे व्यवहार टिपले. तो थेंब आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. फटीतून सरळ खाली पडायचे तर पाती अगदी उभी हवीत. म्हणून उतारावर, कलंडलेल्या ओंडक्यावर उगवलेल्या अळंबीचा दांडा वाकतो आणि छत्री जमिनीला समांतर राहते. रतनगडाच्या वाटेवर हे कुणालाही दिसेल, फक्त गुडघे टेकावे लागतील.

पाती पाहायची म्हणजे काय काय पाहायचे? ती दांड्याला चिकटलेली आहेत, दांड्याच्या अलीकडेच थांबली आहेत, की दांड्यावरून खाली उतरली आहेत. दाट आहेत की विरळ. दोन लांब पात्यांच्या मध्ये आखूड पाती आहेत का. कड सरळ आहे की दातेरी. मोडल्यावर चीक येतो का, जखम झालेल्या जागी रंग बदलतो का. आणि हे सारे कोवळ्या व जून अशा दोन्ही अळंब्यांत पाहायचे. एकटीदुकटी अळंबी अभ्यासाला अपुरी असते. मग दांडा: पोकळ की भरीव, कोरडा की चिकट, त्यावर कडे आहे का. कोवळेपणी पाती झाकणारा पडदा फाटून दांड्यावर जो उरतो तेच हे कडे. शेवटी बूड, आणि नवशिके हटकून चुकतात ते इथेच. वरच्यावर खुडलेली अळंबी अर्धी अळंबी असते. काहींच्या बुडाशी मातीत दडलेली पिशवी असते, आणि ती आहे की नाही यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

यानंतर बीजाणूंचा रंग. एकटा बीजाणू डोळ्यांना दिसत नाही, लाखोंचा थर दिसतो. छत्री दांड्यापासून कापून, पाती खाली करून, अर्ध्या पांढऱ्या आणि अर्ध्या काळ्या कागदावर ठेवायची. वर पाण्याचा एखादा थेंब टाकायचा आणि वाटी पालथी घालायची. रात्रभरात कागदावर पात्यांचा ठसा उमटतो. पांढरा, गुलाबी, तांबूस तपकिरी, जांभळट तपकिरी, काळा. स्वीडनच्या एलियास फ्रीस यांनी १८२१ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या ‘सिस्टेमा मायकॉलॉजिकम’ या ग्रंथात पात्यांच्या अळंब्यांची वाटणी केली ती मुख्यतः याच रंगांवर, आणि दोनशे वर्षांनंतरही ओळखपुस्तके पहिला फाटा इथेच फोडतात. पात्यांच्या रंगावरून बीजाणूंचा रंग ठरवू नये. पाती एका रंगाची आणि ठसा दुसऱ्याच रंगाचा, असे वारंवार घडते.

याचे सर्वांत चांगले उदाहरण रानात जाण्याआधीच भेटते. पहिले एकदोन चांगले पाऊस झाले की कारखान्यांच्या हिरवळीवर, शाळांच्या मैदानांवर, बंगल्यांच्या कुंपणाकडेला मोठ्या पांढऱ्या छत्र्या उगवतात. टोपी वीतभर, मध्यावर तपकिरी खवले, दांड्यावर सरकणारे कडे. कधी त्या गोल रिंगणात उभ्या राहतात. ही क्लोरोफायलम मॉलिबडाइटिस. कोवळी असताना तिची पाती पांढरीशुभ्र असतात आणि ती एखाद्या चविष्ट अळंबीसारखीच दिसते. जून झाली की पाती हिरवट राखाडी होतात, आणि ठसा उमटतो मळकट हिरवा. मोठ्या, पात्यांच्या अळंब्यांत हिरवा ठसा इतका दुर्मीळ आहे की तो दिसताच ओळख जवळजवळ पक्की होते. खाल्ली तर एकदोन तासांत उलट्या आणि जुलाब असे काही सुरू होतात की रुग्णालय गाठावे लागते. जगातल्या उष्ण प्रदेशांत अळंबीच्या विषबाधेची पुष्कळ प्रकरणे या एकाच जातीकडे बोट दाखवतात. विद्यार्थ्यांना शिकवायला मी पहिल्या दिवशी हीच देईन. मोठी आहे, सगळीकडे आहे, आणि ठसा घेतल्याशिवाय कळत नाही.

आता एक अडचण सांगायला हवी, आणि तीच या विषयातली सर्वांत रंजक गोष्ट आहे. पाती ही नात्याची खूण नाही. फ्रीस यांच्या काळात, आणि त्यानंतरही बराच काळ, पाती असलेल्या सगळ्या अळंब्या एका कुळातल्या असे मानणे सोयीचे होते. सूक्ष्मदर्शकाने त्या समजुतीला तडे दिले आणि गेल्या तीस-पस्तीस वर्षांतल्या डीएनएच्या अभ्यासाने ती मोडीत काढली. पाती बुरशींच्या वेगवेगळ्या शाखांत वेगवेगळ्या वेळी तयार झाली आहेत. ओंडक्यांवर येणारी, चामड्यासारखी चिवट लेंटिनस पाहा. पाती स्पष्ट, कड दातेरी, पण तिचे सगेसोयरे लाकडावरच्या छिद्रवाल्या कडक बुरशी आहेत. शेणावर उगवून एका दिवसात काळ्या शाईसारख्या विरघळणाऱ्या अळंब्यांचा कॉप्रिनस हा जुना वंश २००१ साली फोडावा लागला: त्यातली प्रसिद्ध केसाळ टोपीची जाती एका कुळात राहिली आणि बाकीच्या बहुतेक दुसऱ्याच कुळात गेल्या. विरघळण्याची ही युक्तीही दोनदा जमली होती.

आणि मग पोडॅक्सिस पिस्टिलॅरिस. दख्खनच्या कोरड्या माळांवर, अनेकदा वारुळाच्या अंगावर, मुसळासारखी उभी राहणारी ही बुरशी पाहून कुणी तिला पात्यांच्या अळंब्यांत धरणार नाही. हिची टोपी उघडतच नाही. पाती नाहीत, आत काळपट भुकटी असते आणि टोपी फाटली की ती वाऱ्यावर जाते. पण ती मघाच्या हिरव्या ठशाच्या क्लोरोफायलमच्याच कुळातली आहे. छत्री उघडून, दमट हवेत, उभ्या पात्यांमधून बीजाणू सोडण्याची ती नाजूक यंत्रणा कोरड्या वाऱ्यात चालत नाही. थेंबच जमत नाही. तेव्हा या शाखेने छत्री मिटलेलीच ठेवली आणि काम वाऱ्यावर सोपवले. घाटमाथ्याच्या अळंब्या आणि पर्जन्यछायेतल्या अळंब्या यांतला फरक कुणाला एका जातीत समजून घ्यायचा असेल तर ती ही. राजस्थानात कोवळी असताना ती भाजीलाही वापरतात.

शायझोफायलम कम्यूनचा मार्ग आणखी वेगळा. वाळलेल्या फांदीवर नखाएवढे, वरून पांढरट लोकरीसारखे पंखे. भिंग लावून खाली पाहिले तर प्रत्येक पाते मधोमध उभे चिरलेले दिसते. ऊन पडले की चिरेच्या दोन्ही बाजू वळून मिटतात आणि बीजाणू धरणारा भाग झाकला जातो. पाऊस आला की पुन्हा उघडतात. अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांत ती सापडते. नागापूरच्या रस्त्याकडेच्या वाळक्या झाडावर आणि हरिश्चंद्रगडाच्या जंगलात, दोन्हीकडे ती शोधावी. मणिपुरात तिची आवडीने भाजी करतात. हिची पाती खरी पातीच नव्हेत असे शास्त्र म्हणते, पण ओळखायला शिकणाऱ्याने त्याची काळजी करू नये.

अकोल्याकडच्या वाटेवर निघालात की पहिली सवय लावायची ती आधार पाहण्याची. अळंबी कशावर उगवली आहे? पालापाचोळ्यात, एकेका पानाला धरून, काळ्या तारेसारख्या बारीक दांड्यावर गुलाबी-लाल घंटी दिसली तर ती बहुधा मॅरास्मियसपैकी आहे. हिमॅटोसेफॅलस ही जाती सह्याद्रीत सर्रास भेटते. या कुळातल्या पुष्कळ अळंब्या सुकतात आणि पावसाची सर आली की पुन्हा ताज्या होतात. कुजक्या ओंडक्यावर पांढरी, शेंबडासारख्या बुळबुळीत थराने चकचकणारी, रुंद आणि विरळ पात्यांची छत्री असेल तर औडेमान्सिएलाचा विचार करावा. शेणावर असेल तर शाईच्या अळंब्या. अंगणातल्या कुंडीत पिवळीधमक छत्री आली आणि घरचे घाबरले, तर ती बहुधा ल्युकोकॉप्रिनस बर्नबौमी. झाडाला तिचा त्रास नसतो, पण ती खाण्याची नाही. जमिनीतून आलेली असेल तर आणखी दोन प्रश्न विचारायचे: खाली पुरलेले लाकूड आहे का, आणि जवळ कोणती झाडे आहेत.

झाडांचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण जगातल्या बऱ्याच मोठ्या, देखण्या अळंब्या झाडांच्या मुळांशी भागीदारी करून जगतात. मुळांवर त्यांच्या तंतूंचे आवरण असते. बुरशी पाणी आणि खनिजे पुरवते, झाड साखर देते. ओक, पाइन, साल, दक्षिण सह्याद्रीतले धूप आणि त्याचे भाऊबंद, ही या भागीदारीची झाडे. आपल्या उत्तर सह्याद्रीचे घाटमाथ्याचे जंगल जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा यांचे. यांची मुळे प्रामुख्याने वेगळ्या, छत्री न काढणाऱ्या सूक्ष्म बुरशींशी संबंध ठेवतात. म्हणून युरोपीय पुस्तक हातात घेऊन हरिश्चंद्रगडावर गेलेल्याची निराशा होते. त्या पुस्तकाच्या अर्ध्या पानांवर असलेल्या रुस्युला, लॅक्टॅरियस, अमानिता इथे फारशा भेटत नाहीत. भेटतात त्या मुख्यतः कुजवणाऱ्या. जिथे निलगिरी किंवा सुरू लावले आहेत तिथे मात्र त्या झाडांबरोबर परदेशी भागीदारही आलेले असतात. परदेशी पुस्तकातल्या चित्राशी जुळवून नाव देणे हा आपल्याकडचा सर्वांत मोठा दोष आहे, आणि फोटोवरून नाव सुचवणारी मोबाइलमधली साधने नेमकी तीच चूक अधिक वेगाने करतात.

कुजवणाऱ्यांतही एक घराणे असे आहे की त्याची गणना वेगळीच करावी. मृगाचा पाऊस जमिनीत मुरला, वीज-वारा होऊन चार दिवस झाले, की वारुळांच्या आसपास टोकदार छत्र्या माती फोडून वर येतात. विदर्भात त्यांना सात्या म्हणतात, गोव्यात ओळमी. टर्मिटोमायसिस हा त्यांचा वंश. फ्रान्सच्या रोझे हाइम यांनी १९४२ साली तो वेगळा काढला, आणि भारतातल्या एका प्रमुख जातीला नटराजन यांनी १९७९ साली त्यांचेच नाव दिले, टर्मिटोमायसिस हाइमी. या अळंबीची शेती वाळवी करते. वाळवी चावलेल्या वनस्पतीचे गोळे घरट्यात रचून त्यावर बुरशी वाढवते आणि ती खाते. हा व्यवहार आफ्रिकेत सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला असे अभ्यासक मानतात. माणसाला आजवर ती शेती बाजारासाठी जमलेली नाही. छत्रीखालची पाती दाट आणि दांड्यापासून सुटी, ठसा गुलाबीसर, टोपीच्या मध्यावर माती भेदणारे कडक टोक, आणि खाली हातभर खोल, थेट वाळवीच्या घरट्यापर्यंत गेलेली मुळी. खुडणाऱ्याला ती मुळी कधी दिसतच नाही. गोवा विद्यापीठातील नंदकुमार कामत यांनी या अळंब्यांचा आणि त्यांच्या संरक्षणाचा विषय दीर्घकाळ लावून धरला. वारुळे फोडून, कोवळ्या कळ्यांसकट सगळे ओरबाडून रस्त्याकडेला विकण्याची रीत थांबली पाहिजे, हे त्यांचे म्हणणे आपल्या बाजूलाही तितकेच लागू आहे.

रात्री उजळणाऱ्या अळंब्यांबद्दल फार लिहीत नाही; भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यात कुजक्या फांद्यांवर हिरवट उजेड दिसतो आणि त्याच्या बातम्या दरवर्षी येतात. तो मायसिनासारख्या वंशांचा, आणि बऱ्याचदा छत्रीचा नसून लाकडातल्या तंतूंचा असतो. गर्दीने जाऊन बॅटऱ्या मारल्या तर तो दिसत नाही, एवढे पुरे.

आता खाण्याचा प्रश्न. अकोल्यातल्या महादेव कोळी आणि ठाकर घरांत रानातली अळंबी शिजते, कोकणात शिजते, चंद्रपूर-गडचिरोलीत शिजते, आणि पिढ्यानपिढ्या लोक सुखरूप आहेत. यावरून शहरातला माणूस असा निष्कर्ष काढतो की काहीतरी सोपी खूण असली पाहिजे. तशी खूण नाही. चांदीचा चमचा काळा पडणे, लसूण किंवा तांदूळ रंग बदलणे, किड्यांनी खाल्लेली ती चांगली, लाकडावरची ती सुरक्षित: यातले एकही खरे नाही. जाणत्या बाईचे ज्ञान असे असते की ती मोजक्या तीनचार प्रकारांना, ठरावीक वारुळापाशी किंवा ठरावीक झाडाखाली, ठरावीक नक्षत्रात ओळखते आणि उरलेल्या शेकडोंना हात लावत नाही. त्या ज्ञानाचा मोठा भाग नकाराचा आहे. ते तिच्या शिवारापुरते पक्के आहे आणि फोटोतून दुसऱ्याला देता येत नाही.

विष कसे काम करते हे माहीत असावे, कारण सर्वांत घातक विष सर्वांत उशिरा कळते. काही अमानितांत, आणि लक्षात ठेवा, लेपिओटाच्या काही छोट्या, निरुपद्रवी दिसणाऱ्या जातींतही अमॅटॉक्सिन असते. शिजवल्याने, वाळवल्याने ते जात नाही. पेशींमध्ये प्रथिने बनवण्याची आज्ञा ज्या विकरामुळे लिहिली जाते त्यालाच ते जखडते. खाल्ल्यानंतर सहा तास, बारा तास, कधी त्याहून अधिक वेळ काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब, मग एखादा दिवस बरे वाटते, आणि त्या बऱ्या वाटण्याच्या काळात यकृत निकामी होत असते. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानटी अळंब्या खाल्ल्याने १३ माणसे दगावली. त्यांतले बहुतेक चहामळ्यांतल्या कुटुंबांतले होते. ओळखीचा गोंधळ कसा होतो याचे उदाहरण भाताच्या पेंढ्यावर येणाऱ्या व्हॉल्वेरिएलाचे आहे. ती आग्नेय आशियात रोजच्या जेवणातली. तिच्या बुडाशी पिशवी असते, अमानिताच्याही असते. तिकडून ऑस्ट्रेलियात आणि कॅलिफोर्नियात गेलेल्या माणसांनी गावची ओळखीची अळंबी समजून अमानिता शिजवली आणि जीव गमावला. व्हॉल्वेरिएलाचा ठसा गुलाबी, अमानिताचा पांढरा. कोवळ्या, न उघडलेल्या कळीत मात्र ठसा मिळतच नाही. कुणी रानातली अळंबी खाल्ली आणि त्रास सुरू झाला, तर उरलेली अळंबी, शिजवलेली असली तरी, सोबत घेऊन ताबडतोब रुग्णालयात जावे. आणि उशिरा सुरू झालेला त्रास अधिक गंभीर समजावा.

म्हणून ओळख आणि भोजन यांची फारकत करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. खायची असेल तर धिंगरी आहे, दुधी अळिंबी आहे. दुधी अळिंबीची जाती १९७४ साली पश्चिम बंगालमधून नोंदली गेली आणि आज ती उन्हाळ्यातही पिकते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीतील पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीच्या लागवडीवर संशोधन चालते. ते शास्त्र वेगळे, आणि रानातल्या ओळखीचे वेगळे.

या दुसऱ्या शास्त्राचे महाराष्ट्रातले माहेर पुण्यात आहे. १९४६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, बुरशींचे वाळवलेले नमुने जपणारा अजरेकर संग्रह आहे. संस्थेने १९८० साली साठे आणि सहकाऱ्यांचा नैर्ऋत्य भारतातल्या पात्यांच्या अळंब्यांवरचा ग्रंथ आणि १९८७ साली भिडे, पांडे, साठे, राव आणि पटवर्धन यांचा ‘फंगाय ऑफ महाराष्ट्र’ प्रसिद्ध केला. ही कामे आजही हाताशी हवीत. मात्र त्यांतली बरीच नावे डीएनएच्या अभ्यासानंतर बदलली आहेत हे ध्यानात ठेवून वाचावीत. केरळमध्ये काम अधिक सलग झाले. तिथल्या पात्यांच्या अळंब्यांच्या २०१३ मधल्या यादीत सहाशेहून अधिक जाती आहेत. आपल्या घाटमाथ्याची अशी यादी व्हायची तर ती केवळ संस्थांच्या बळावर होणार नाही. अळंबी दोन दिवस असते. ती असते त्या दिवशी तिथे कुणीतरी असावे लागते, आणि ते कुणीतरी म्हणजे पावसात डोंगर चढणारे तुम्ही.

त्यासाठी अळंबी उपटण्याची गरज नाही. अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही उचलणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मना आहे, आणि ते योग्यच आहे. छोटा आरसा छत्रीखाली धरला तर पाती दिसतात. मोबाइल जमिनीवर ठेवून पुढच्या कॅमेऱ्याने फोटो घेतला तर आणखी चांगली दिसतात. अळंब्या झुबक्याने आल्या असतील तर वरच्या छत्रीचे बीजाणू खालच्या छत्रीवर किंवा शेजारच्या पानावर सांडलेले असतात, ठशाचा रंग तिथेच वाचता येतो. बूड पाहायला बोटाने थोडी माती सारावी आणि पुन्हा लोटावी. अभयारण्याबाहेर, मालकाच्या परवानगीने, दोनतीन वयांचे नमुने घेऊन कागदी पिशवीत ठेवायला हरकत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत ते तासाभरात घाम येऊन सडतात.

नोंद करताना तारीख, जागा, उंची, आधार, भोवतालची झाडे, आकार, पात्यांची जोडणी, कडे, बूड, वास आणि ठशाचा रंग लिहा. वरून, खालून, बाजूने आणि बुडाचा असे चार फोटो जोडा, आणि ते आय-नॅचरलिस्टसारख्या सार्वजनिक ठिकाणी ठेवा. जातीपर्यंत पोचला नाहीत तर वंशावर थांबा, वंशही कळला नाही तर ‘अनोळखी’ लिहा. चार फोटो आणि ठशाचा रंग असलेली अनोळखी अळंबी अभ्यासकाला उपयोगी पडते. वरून काढलेल्या एका फोटोला दिलेले लॅटिन नाव उपयोगी पडत नाही.